कुकरच्या तीन शिट्ट्या

32 वर्षं मी शाळेत पीटी शिकवली आणि त्यातली निदान 25 वर्षं स्वतः काडीचाही व्यायाम केला नाही. हे पुस्तक हातात घेणाऱ्याला एवढं आधी कळलेलं बरं. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत मैदानाच्या कडेला एक कडुनिंब होता. त्याच्या सावलीत माझी खुर्ची, गळ्यात शिट्टी. एक वाजवली की पोरं पळायची, दुसरी वाजवली की थांबायची. घाम त्यांना यायचा, माझा फक्त घसा बसायचा. तरी गावभर मी 'खेळाच्या बाई'. दिवसभर मैदानात असणारी बाई धडधाकटच असणार, असा लोकांचा समज होता आणि खरं सांगायचं तर माझाही.

निवृत्त झाले आणि पुण्यात मुलाकडे राहायला आले. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट दारात. दोन वर्षांत सहा-सात किलो वजन वाढलं, त्याचंही काही वाटलं नाही. मग गावाकडे एका वास्तुशांतीला गेले. हल्ली सगळीकडे बुफे असतो, पण त्या घरात म्हाताऱ्यांच्या हट्टामुळे खाली पंगत मांडली होती. जेवणं झाली, मठ्ठा पिऊन झाला, रांगेतले सगळे उठले. मी बसलेलीच. एक हात टेकला, दुसरा टेकला, एका कुशीवर वळून पाहिलं, पण देह काही जमीन सोडेना. शेवटी हातातलं जिलब्यांचं ताट बाजूला ठेवून वाढणारा एक जण पुढे आला. "बाई, हात द्या." 'बाई' म्हणाला म्हणून वर पाहिलं, तर माझाच जुना विद्यार्थी. गणवेश घालून आला नाही म्हणून मी त्याला एकदा 50 उठाबशा काढायला लावल्या होत्या. त्याला ते आठवत होतं की नाही, ते मी विचारलं नाही.

परतीच्या एसटीत मात्र त्या उठाबशा डोक्यातून जाईनात. उठाबशा म्हणजे काय? खाली बसायचं आणि वर उठायचं. तालमीत तिला बैठक म्हणतात, जिममध्ये स्क्वॉट म्हणतात आणि तिथे त्यासाठी माणसं पैसे मोजतात. शाळेत आम्ही तिची शिक्षा केली. कान धरून उठाबशा ही शिक्षा, मैदानाला पाच फेऱ्या ही शिक्षा, अंगठे धरून उभं राहणं ही शिक्षा. अंगाला लागणारी जेवढी म्हणून चांगली हालचाल होती, ती आम्ही अपराधाला जोडून दिली. हीच मुलं पुढे पंचेचाळिशीत डॉक्टरांसमोर बसतात, डॉक्टर म्हणतात "व्यायाम करा", आणि यांचा चेहरा मुख्याध्यापकांनी बोलावल्यासारखा होतो. त्यात माझाही हातभार आहे. या पुस्तकाचा जन्म त्या पंगतीतला आणि त्या एसटीतला.

खालून उठता न येणं ही नुसती लाजेची गोष्ट नाही, हे मला नंतर कळलं. ब्राझीलमधले एक डॉक्टर, क्लॉडिओ गिल अराऊजो, यांनी नेमकी याचीच चाचणी केली. जमिनीवर बसा आणि उठा. एकूण गुण 10. बसताना पाच, उठताना पाच. हात, गुडघा काहीही टेकलं की एक गुण गेला, तोल डळमळला की अर्धा. 51 ते 80 वयाच्या 2,000 जणांना त्यांनी असं बसवलं-उठवलं आणि नंतर काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ज्यांना कमी गुण होते, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण खूपच जास्त निघालं. हा अभ्यास 2012 मध्ये छापून आला. बसण्या-उठण्यानं आयुष्य वाढतं असं तो सिद्ध करत नाही. पण पायांची ताकद, सांध्यांची लवचीकता, तोल आणि वजन या चारही गोष्टींचा हिशेब त्या एका हालचालीत लागतो, एवढं खरं. मी स्वतःला गुण देऊन पाहिले. ते इथे सांगत नाही.

माझ्या आईनं ही चाचणी आयुष्यभर रोज वीस-पंचवीस वेळा दिली आणि तिला ती चाचणी आहे हे माहीतही नव्हतं. चूल खाली होती, विळी खाली होती, जेवायला पाट खाली होते, अंथरूण खाली होतं आणि परसाकडे जाणं म्हणजेही उकिडवं बसणं. आपण एकेक करून सगळं कंबरेच्या उंचीवर आणलं. स्वयंपाकाला ओटा आला, जेवायला टेबल, झोपायला पलंग, शेवटी कमोड. यातल्या प्रत्येक सोयीमागे कुणाचे तरी दुखरे गुडघे होते, त्यामुळे त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. आमच्याही घरी कमोड आहे. पण दिवसाच्या वीस बैठका कुठे गेल्या, हे आपल्या लक्षातच आलं नाही.

आता शिट्ट्यांचं. पंगतीच्या प्रकारानंतर मी ठरवलं की रोज पहाटे पाचला उठून तासभर व्यायाम करायचा. तीन दिवस केला, चौथ्या दिवशी पाहुणे, पाचव्या दिवशी सर्दी, सहाव्या दिवशी विसरले. माझ्यासारख्या शिस्तीच्या बाईची ही गत. मग एके दिवशी कुकर लावून ओट्याशी उभी होते. आमच्याकडे वरण-भाताला तीन शिट्ट्या. पहिली यायला आठ-नऊ मिनिटं लागतात, पुढच्या दोन भराभर येतात. सगळं मिळून 12 मिनिटं. या 12 मिनिटांत मी रोज काय करते, तर उभी राहते. भाजी आधीच चिरलेली असते, कणीक भिजलेली असते. मी ओट्याच्या कडेला हात टेकले, दोन पावलं मागे सरले आणि तिरक्या अंगानं दहा जोर काढले. मग टाचा उचलल्या. मग एका पायावर उभी राहिले. तेवढ्यात पहिली शिट्टी झाली आणि 32 वर्षांच्या सवयीनं मी दचकून थांबले!

दिवसातून दोनदा कुकर, म्हणजे 24 मिनिटं. आठवड्याची 168. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम सांगते आणि शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा. ओट्याशी घालवलेलं प्रत्येक मिनिट काही मध्यम जोराचं नसतं, त्यामुळे 168 हा आकडा मी छातीठोकपणे मिरवत नाही. पण गणित आवाक्यातलं आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आणखी एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. पूर्वी हीच संघटना म्हणायची की सलग 10 मिनिटं झाली तरच ती मोजायची. 2020 च्या नव्या शिफारशींत ती अट काढून टाकली. चार मिनिटं जिना, तीन मिनिटं ओटा, सहा मिनिटं दुधाच्या पिशवीसाठी झपाझप चालणं, सगळं जमेस धरलं जातं. रोजच्या खर्चातली चिल्लर डब्यात टाकत जावी, तसंच.

या चिल्लरीची किंमत पहिल्यांदा मोजली ती लंडनच्या बसमध्ये. तिथल्या डबल डेकरचा ड्रायव्हर दिवसभर बसून असे आणि कंडक्टर तिकिटं फाडत दिवसभर जिना चढ-उतार करी. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी दोघांच्या हृदयविकाराची तुलना केली. दोघांची कंपनी एक, शहर एक, राहणी जवळपास सारखीच. 1953 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी निष्कर्ष मांडले: कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो आणि झालाच तर उशिरा आणि सौम्य. कंडक्टर दिवसाला 500 ते 750 पायऱ्या चढत होते. मॉरिस एवढ्यावर थांबले नाहीत. पुढे त्यांनी गणवेशाच्या विजारींची मापं काढली, तर ड्रायव्हर कंबरेनं आधीपासूनच रुंद निघाले. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही, हेही त्यांनीच छापलं. मला हा माणूस फार आवडतो. स्वतः शेवटपर्यंत चालत राहिला आणि 2009 मध्ये 99 व्या वर्षी गेला. आपल्याकडे बेस्टची डबल डेकर मुंबईत 1937 साली आली आणि जुन्या घडणीची शेवटची गाडी 2023 मध्ये निवृत्त झाली. तिच्या जिन्यावरून पंच वाजवत चढणाऱ्या कंडक्टरांचा असा अभ्यास कुणीतरी करायला हवा होता, असं राहून राहून वाटतं.

पावलांचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर सगळेच बोलतात. दिवसाला 10,000 पावलं हा आकडा कुणा डॉक्टरनं काढलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, 1965 मध्ये जपानी बाजारात पावलं मोजणारं एक यंत्र आलं, त्याच्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचं मीटर'. आकडा देखणा होता, म्हणून चिकटला. 2019 मध्ये अमेरिकेत सरासरी 72 वर्षांच्या बायकांवर झालेल्या अभ्यासात रोज 4,400 पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण 2,700 वाल्यांपेक्षा बरंच कमी दिसलं, आणि साधारण 7,500 नंतर फायदा वाढेनासा झाला. तेव्हा मनगटावरचं घड्याळ रागावलं तरी मनावर घेऊ नका. आपल्याकडे तर याहून साधा शब्द आहे, शतपावली. जेवल्यावर शंभर पावलं. अर्थात शंभर पावलं म्हणजे एका मिनिटाचं काम, ते नुसतं तोंडदेखलं. पण वेळ मात्र अचूक धरलेली आहे. जेवणानंतर रक्तात साखर चढू लागते तेव्हाच पायांचे मोठे स्नायू हलले, तर ते ती साखर ओढून घेतात. तिन्ही जेवणांनंतर 15-15 मिनिटं चाललेल्या वयस्क माणसांची दिवसभराची साखर आटोक्यात राहते आणि रात्रीच्या जेवणानंतरचं चालणं त्यात विशेष गुणकारी, असं 2013 च्या एका छोट्या अभ्यासात दिसलं. तेव्हा शतपावलीची पंचशतपावली करा, सहस्रपावली करा, पण जेवून लगेच मालिकेसमोर बसू नका.

'पैसे नाहीत म्हणून व्यायाम नाही' ही तक्रार नवी नाही आणि तिला महाराष्ट्रात एका राजानं उत्तर दिलं होतं. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी (1868–1951). चित्रकार, कीर्तनकार, हौशी माणूस. आम्ही सातारकर त्यांचं नाव निघालं की जरा सरसावून बसतो. तरुणपणी त्यांनी सँडोची साधनं मागवून बरीच वर्षं त्या पद्धतीनं व्यायाम केला. सँडो म्हणजे युजेन सँडो, त्या काळचा जगप्रसिद्ध पिळदार पुरुष. तो 1905 च्या सुमारास हिंदुस्थानातही खेळ दाखवून गेला आणि त्याचं नाव आपल्या बिनबाह्यांच्या बनियनला कायमचं चिकटलं. तर बाळासाहेबांनी पुढे सँडो सोडला आणि सूर्यनमस्कार धरले. ते असे धरले की संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे केले, घरातल्या स्त्रियांना घालायला लावले, त्यावर पुस्तकं लिहिली. 1938 मध्ये लंडनहून त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं, 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ'. नावात दहा आहेत, कारण औंधचा नमस्कार दहा अंकांचा होता. बारा आपण आज म्हणतो. त्यांचा मुद्दा सरळ होता. याला साधन लागत नाही, सोबती लागत नाही, मैदान लागत नाही, पैसा लागत नाही. साडेतीन हात देह आणि त्याला पुरेल एवढी सतरंजी.

तिजोरी ताब्यात असलेल्या माणसानं बिनपैशाचा व्यायाम निवडावा, याचं मला कौतुक आहे. सक्तीचं तेवढं नाही. माझ्या आजोबांचं शिक्षण औंध संस्थानात झालं होतं आणि नमस्कार म्हटलं की त्यांना पहाटेची थंडगार फरशीच आठवायची. सक्तीनं शरीर वाकतं, गोडी लागतेच असं नाही. आता तर सक्तीही उरली नाही, समारंभ उरला आहे. रथसप्तमीला शाळेच्या मैदानावर सामूहिक नमस्कार होतात, फोटो निघतात, आणि मग पुढच्या रथसप्तमीपर्यंत सूर्य आपला एकटाच उगवतो.

नमस्कारांशिवायही महाराष्ट्रात स्वस्त व्यायामाची मोठी परंपरा आहे. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चं, पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी काढलेलं महाराष्ट्रीय मंडळ 1924 चं, दादरचं समर्थ व्यायाम मंदिर 1925 चं. बडोद्याच्या मुजुमदारांनी तर व्यायामाचा ज्ञानकोशच मराठीत दहा खंडांत काढला. त्या दहा खंडांपुढे माझं हे चोपडं म्हणजे सूर्यासमोर काजवासुद्धा नाही, पण ते खंड ओट्याशी उघडून धरता येत नाहीत.

तालमींनी आपल्याला खूप दिलं, पण एक अडचणीची समजूतही दिली. खुराकाची. व्यायाम फुकट आहे, पण खुराक कुठून आणायचा? माझे एक काका गावच्या तालमीत जात. घरात एक म्हैस, तिचं दूध डेअरीला. आजी म्हणाली, "दंड काढायचे तर दूध पाहिजे, आणि दूध विकलं नाही तर मीठ-मिरची कशी आणू?" काकांची तालीम सुटली. कुस्तीच्या पैलवानाला बदाम, तूप, थंडाई लागत असेलही. त्याची दिवसाची मेहनतच तशी असते. पण 20 मिनिटं अंग हलवणाऱ्या माणसाला वेगळा खुराक लागत नाही. भाकरी, मोडाची उसळ, मूठभर शेंगदाणे आणि ताक यांच्यावर तो मजेत निभतो. प्रोटीनच्या पावडरींचे मोठमोठे डबे पाहिले की मला आजी आठवते. तीच समजूत, फक्त डबा नवा आणि म्हशीपेक्षा महाग.

आता बायकांविषयी. त्यांच्यासाठीच हे पुस्तक मुळात लिहिलं. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये 2024 साली आलेल्या आकडेवारीप्रमाणे 2022 मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण साधारण 42 टक्के, बायकांत 57. हे ऐकलं की आमच्या सोसायटीतल्या बायका खवळतात. "आम्ही बसून असतो का? पहाटेपासून राबतो." खरंच राबतात. पण घरकामात काही स्नायू मरमर मरतात आणि काही झोपून असतात. पाठ सतत पुढे वाकलेली, खांदे आत आलेले, हात कोपरापर्यंतच चालणारे. दम लागावा असं सलग काही नाही आणि बसायला मिळावं अशीही फुरसत नाही. त्यामुळे दिवसभर थकवा येतो, ताकद मात्र येत नाही.

याच उत्साहात मी आमच्याकडे भांडी-लादी करणाऱ्या बाईंनाही व्यायाम शिकवायला गेले. चार घरं, तीन इमारती, त्यातल्या एका सोसायटीत कामवाल्यांना लिफ्ट बंद. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, मला व्यायाम नको. भांडी घासायला एक स्टूल द्या." मी गप्प झाले. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी हेच आकड्यांत दाखवलंय: फुरसतीतल्या व्यायामानं हृदयाला जो फायदा होतो, तो नोकरीतल्या दिवसभराच्या अंगमेहनतीनं होताना दिसत नाही, उलट काही वेळा तोटाच. मनाला येईल तेव्हा थांबता येणं, हा व्यायामाचा अर्धा गुण आहे. सुश्रुतांनीही आपल्या बळाच्या निम्म्यानंच व्यायाम करावा असं सांगितलंय. राबणाऱ्या माणसाला तो निम्मा हिशेब ठेवायची मुभाच नसते. या पुस्तकातलं शेवटचं प्रकरण त्या बाईंमुळे बदललं. त्यात व्यायाम थोडा आहे. लादी पुसायला लांब दांड्याचा पोछा, पाठ सरळ ठेवून बादली कशी उचलावी, टाचांना आराम कसा द्यावा, याचीच चित्रं जास्त आहेत. स्टूल त्यांना दुसऱ्या दिवशी मिळालं.

बायकांना अंग हलवायला मोकळीक नव्हती तेव्हा त्यांनी ती कशी काढून घेतली, हे पाहायचं असेल तर मंगळागौर पाहावी. श्रावणातली रात्र, पूजा झालेली, जेवणं झालेली, पुरुष झोपायला गेलेले, आणि मग झिम्मा, फुगडी, पिंगा. बसफुगडी एकदा घालून पाहा. उकिडवं बसून पाय आळीपाळीने पुढे फेकत उड्या मारायच्या. अर्ध्या मिनिटात मांड्या पेटतात. कोंबडा म्हणजे तर बसल्या बसल्या उड्या. गाठोड्यात पायांची मांडी घट्ट आवळून पाठीवर लोळायचं असतं. साध्या फुगडीतही हातांची पकड, पाठीचा ताण, तोल आणि दम असं सगळं एकदम लागतं. नऊवारीचा काचा मारलेल्या आणि दिवसभर उपास केलेल्या मुली हे रात्रभर खेळत. माझ्या मते मराठी घरात बायकांसाठी याच्याहून कसदार व्यायामशाळा झाली नाही. दुर्दैव एवढंच की ती वर्षातून एकदा उघडे, आणि आता तर ठरावीक रक्कम घेऊन खेळ करून दाखवणारे गट येतात, बाकीच्या खुर्च्यांवर बसून मोबाइलमध्ये टिपतात. आमच्या गच्चीवर आम्ही आठवड्यातून दोन संध्याकाळी बिनपूजेची मंगळागौर घालतो. सगळ्यात थोरली 71 ची आहे. ती बसफुगडी घालत नाही, झिम्मा मात्र सोडत नाही.

घरात करता येईल तेवढं या पुस्तकात आहे, पण बाहेरचंही बोलायला हवं. चालणं फुकट आहे असं आपण म्हणतो, ते फूटपाथ असेल तर. आमच्या रस्त्यावर फूटपाथ आहे, त्यावर डीपी आहे, फ्लेक्सचा सांगाडा आहे, दोन दुचाक्या आहेत आणि मधे एक उघडं झाकण. मी संबंधित कार्यालयात तीन अर्ज दिले, तिन्हींची पोच माझ्याकडे आहे. पोच चांगल्या कागदावर आहे. बागेतली ओपन जिम मात्र मला आवडते, तिथली निम्मी यंत्रं मोडलेली असली आणि त्यांच्यावरचं लोकप्रतिनिधीचं नाव लोखंडापेक्षा टिकाऊ असलं, तरी. ती पाय झुलवायची यंत्रं व्यायाम म्हणून फारशी कामाची नाहीत. पण तिथे साडी नेसलेल्या, पन्नाशीच्या बायका संध्याकाळी उघड्यावर पाय झुलवत हसत असतात. त्यांच्या सासवांना हे जमलं नसतं. आणि पुणेकरांना पर्वती आहे, 103 पायऱ्या आणि तिकीट नाही. सातारकरांना अजिंक्यतारा आहे, कोल्हापूरकरांना रंकाळ्याचा काठ. आपल्या गावाला जे असेल ते वापरा. वापरात असलेली टेकडी गिळायला बिल्डरही दोनदा विचार करतो.

आता पुस्तक कसं वापरायचं ते सांगते. प्रत्येक पानावर एकच हालचाल आहे आणि ती कुठल्या कामाला टांगायची ते वर लिहिलं आहे: दात घासताना, चहाला उकळी येईपर्यंत, कुकर लावल्यावर, लिफ्टची वाट पाहताना, जाहिराती लागल्यावर. वेगळी वेळ काढायची नाही. मी काढून पाहिली, ती निघत नाही. वजनं विकत आणू नका. एक लिटर पाण्याची बाटली एक किलो भरते, पाच किलोची तांदळाची पिशवी पाच किलोच भरते. ओट्याशी करायच्या हालचाली गॅसच्या विरुद्ध टोकाला करा आणि पदर किंवा ओढणी आधी घट्ट खोचा. जोर किती लावायचा? बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा. छातीत दाबल्यासारखं झालं, चक्कर आली, एखादा सांधा कळ मारू लागला, तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. रक्तदाब, हृदयविकार, मधुमेहाचं इन्सुलिन, गुडघ्याची शस्त्रक्रिया, गरोदरपण यांपैकी काही असेल तर सुरुवात करण्याआधीच विचारा. गुडघे किंवा मनगटं कुरकुरत असतील त्यांच्यासाठी खुर्चीवरचे नमस्कार दिले आहेत. ते कमी दर्जाचे आहेत असं समजू नये. खाली बसण्या-उठण्याची चाचणी एकट्यानं करू नका, जवळ कुणीतरी असू द्या. हे मी अनुभवावरून सांगते.

पानं मुद्दाम जाड घेतली आहेत, कारण त्यांच्यावर फोडणी उडणार. वरच्या कोपऱ्यात भोक पाडून दोरा ओवला आहे. पुस्तक कपाटात ठेवू नका, ओट्याजवळच्या खिळ्याला अडकवा, आणि आज रात्रीचा कुकर लावलात की पान 9 उघडा.